सशानं अंग झाडलं का?

लातूर, रविवार संध्याकाळ

मोबाईलवरच्या त्या गेममध्ये मी बुवा आहे आणि गोंडस प्राणी माझे भक्त. आज एका सशाचा बळी द्यायचा होता. तो हसतच चबुतऱ्यावर चढला. शेजारी बसलेली आई एकदम म्हणाली, "त्यानं अंग झाडलं का गं?"

आमच्या गावच्या जत्रेत बकऱ्यावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं की होकार मिळाला म्हणायचं, मगच सुरी.

"न्हाई, नुसता हसायलाय."

"मग व्हयच म्हणला की!"

बटण अजून दाबलं नाही. पण अंग तर बकरं पाण्यामुळं झाडतं ना? तो होकार कसला? आणि हा ससा? त्याला हसायला रोजच्या प्रवचनात मीच शिकवलंय.