लाल म्हणजे काय

सौंदड
१० नोव्हेंबर

प्रिय मंजू,

फोनवर तू हसलीस की माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. तुझा भाऊ चंद्रकुमार उद्या रायपूरला येतोय, त्याच्याच हाती देतेय. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन लावू नकोस.

आधी माझं रडगाणं. अंगणवाडीचं ते ॲप मला वेड लावणार. पोराला काट्यावर ठेवा, आकडा भरा, रंग बघा. हिरवा ठीक, पिवळा सांभाळा, लाल म्हणजे पोर धोक्यात. नेटवर्कसाठी मी या वयात पाण्याच्या टाकीवर चढते आणि त्यावर आमच्या सुपरवायझर मॅडम विचारतात, तुमच्याकडे लाल इतके कसे, कमी करा. जणू मी भिंती रंगवायला बसलेय.

तुझा हिमांशू दोन वर्षांचा झाला, वजन साडेसात किलो. जुलैत, तू कामासाठी रायपूरला गेलीस तेव्हा, आठ होतं. दसऱ्याच्या आठवड्यात त्याचा रंग लाल आला. मी तुझ्या सासूला म्हटलं, काकू, हिमांशू लाल झाला. तर सुलोचनाकाकू फुलल्याच. "लाल तं हायेच! माह्या घरचा लाल हाय थो!" घरी पोवारी बोली, बाजारात हिंदी, त्यांच्यासाठी लाल म्हणजे लाडका. मी कपाळाला हात लावला. मागे दहा आया रांगेत होत्या, म्हटलं उद्या समजावू. मग धानाची कापणी लागली आणि काकूंनी पोराला अंगणवाडीत आणणंच सोडलं.

डॉक्टर यादोरावांकडे मात्र दर पंधरा दिवसांनी नेत होत्या. ते टॉनिक देत होते, वजनाचे आकडे माझ्या मोबाईलमध्ये पडून होते. गल्ली एक, पण कोणी कोणाला विचारलं नाही! सोमवारी मीच मोबाईल घेऊन डॉक्टरांकडे गेले, तर माझ्यावरच उखडले. "हे आधी काऊन नाही दाखवलं? मी नुसतं टॉनिक देऊन राहिलो!" लगेच गोंदियाच्या बालउपचार केंद्राची चिठ्ठी लिहिली. चौदा दिवस भरती, सोबत आई हवी. मी काकूंना लालचा अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "गाव म्हणन, आजीनं पोराले उपाशी ठेवलं." आणि दार लावून घेतलं. हिमांशू उंबऱ्याशी बसला होता. पूर्वी मला पाहून 'ईता, ईता' करत धावायचा. आता नुसता बघतो.

मंजू, दसऱ्याला तू फोनवर हसत म्हणालीस, सासूबाई सांगतात, रीतासुद्धा त्याला लाल म्हणते. तू इतकी खुश होतीस की मी म्हणाले, हो गं, लालच आहे तो. तुझ्यापासून मी हे लपवलं. महिना उलटला. सगळ्यांवर चिडून झालं, आता हे लिहायलाच हवं होतं. गुरुवारी सकाळी डॉक्टर स्वतःच्या गाडीने न्यायला तयार आहेत. बुधवारच्या गाडीने ये. काकूंना रागावू नकोस, त्या लाल म्हणाल्या ते मनापासून म्हणाल्या. मी खोटं म्हणाले. काय ओरडायचं ते मला ओरड, पण ये.

वाट बघणारी, तुझीच
रीता