साक्षीदाराला काही देता येत नाही

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

मी, हरेश्वर धोंडू तेंडोलकर, वय एकोणपन्नास, धंदा प्राध्यापकी, राहणार मुलुंड पूर्व, हे इच्छापत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. घरात भरीस घालायला दुसरे माणूसच नाही. येत्या सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही, फक्त बरोबर कोण येणार तेवढं सांगा." मी "कळवतो" म्हणालो. घरी येऊन हे कागद पुढे घेतले. यापूर्वी मी कोणतेही इच्छापत्र केलेले नाही.

कलम १. गृहनिर्माण संस्थेतील माझी दोन खोल्यांची जागा माझी भाची नंदा हिला द्यावी. ती विक्रोळीला एका खोलीत सासरच्या सात माणसांत राहते. जागा विकू नये ही इच्छा आहे, अट नाही. मात्र स्वयंपाकघराची खिडकी संध्याकाळी उघडी ठेवावी. समोरच्या घरातली पोरे पाढे म्हणतात. माझी पत्नी शेवंती गेल्यापासून पंधरा वर्षे विद्यार्थी आलेले नसतील तेव्हा या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज येतो तो तेवढाच.

कलम २. बँकेतील ठेव, भविष्यनिर्वाह निधी आणि गावच्या घरातील माझा हिस्सा माझी बहीण सगुणा हिला मिळावा. तिच्या मुलाने, धाकूने, मागे मला "मामा, तू एकटा जीव, तुला काय करायचंय एवढं?" असे विचारले होते. आता हे वाचून त्याला उत्तर मिळेल, की काही करायचे नव्हते.

कलम ३. देव्हाऱ्यातील देव सगुणाने गावी न्यावेत. शेवंतीनंतर मी सांजवात चुकवलेली नाही. मागणे असे काही घातले नाही. मी समोर बसत असे, आणि बसल्यावर बरे वाटे.

कलम ४. बाहेरच्या खोलीतील सागवानी टेबल कॉलेजला द्यावे. याला थोडा खुलासा लागेल.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचा विषय आला तेव्हा तो शिकवायला आम्ही दोघे होतो, मी आणि तुळशीदास वेसावकर. पुस्तकातली उदाहरणे सोडवून घेण्यात आम्हा दोघांनाही रस नव्हता. चार विद्यार्थ्यांचा एक गट करायचा, त्याला उपनगरातले एक खरे गिऱ्हाईक शोधून द्यायचे, त्याची अडचण चौघांनी मिळून सोडवायची, आणि गुण चौघांना एकच, असे ठरले. कॉलेजला कॉम्प्युटर नव्हता. पोरे प्रोग्रॅमची कार्डे पंच करून, म्हणजे भोके पाडून, दुसऱ्या संस्थेत नेत आणि दोन दिवसांनी छापील कागद घेऊन येत. कॉलेज सहाला बंद होई, म्हणून चर्चेला माझ्या घरी जमत. त्यांच्यासाठी मी हे चौकोनी टेबल करून घेतले. एका बाजूला एक. सुट्टीत मी त्यावर एकटा जेवतो तेव्हा ताट कुठल्या बाजूला ठेवावे तेच कळत नाही.

एकच गुण ही कल्पना माझी. मी एकशिक्षकी शाळेत शिकलो. गुरुजी रांगेतल्या सर्वांत कच्च्या मुलाला प्रश्न विचारीत. त्याला आले तरच सगळी रांग घरी सुटे. त्यामुळे शाळेच्या पायरीवर आम्ही एकमेकांना शिकवत असू. मी जे काही शिकलो ते त्या पायरीवर.

कलम ५. गटांची टिपणे, आराखडे आणि कार्डांचे खोके उत्तरा चेंदवणकर हिला द्यावेत. ती माझी विद्यार्थिनी होती आणि आता माझ्याबरोबर शिकवते. या इच्छापत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. गुण देण्याची पद्धत बदलण्याची तिला मोकळीक आहे. ती बदलील, हे मला ठाऊक आहे. तिच्या त्या गुणांबद्दल (कलम ६ पाहावे) तिने मला अजून माफ केलेले नाही, आणि तरी रोज माझ्यासाठी चहा सांगते.

कलम ६. श्री. तुळशीदास वेसावकर यांना मी काहीही देत नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतील.

तुळशीदास वेसाव्याचे. त्यांच्या आत्या मंजुळाबाई तिथल्या मच्छीमार सोसायटीचे बर्फाचे काम बघतात. उत्तराच्या गटाला तेच गिऱ्हाईक मिळाले. कोणत्या होडीला किती बर्फ लागेल, याचा अंदाज कॉम्प्युटरने द्यायचा होता. उत्तरा दर शनिवारी वेसाव्याला जाऊन मंजुळाबाईंजवळ बसे आणि घरी येऊन सगळे एकटीच लिही. तिघे मुलगे तिच्यावर सोडून मोकळे झाले. काम दाखवायच्या दिवशी उत्तरा तापाने घरी होती. मंजुळाबाईंनी मुलांना साधे विचारले, "होरी उशिरा आली तं बरफाचा काय?" तिघे एकमेकांकडे बघत राहिले. त्याचे उत्तर कार्डांत होते, पण ते उत्तराने कोणाला सांगितले नव्हते आणि कोणी तिला विचारले नव्हते. मंजुळाबाई मला म्हणाल्या, "अवो सर, ही पोरा एकमेकांशी बोलत नाय का?"

मी चौघांनाही काठावर पास केले. तुळशीदास भर स्टाफरूममध्ये उसळले. "जिनं मर मर काम केलं तिलाच शिक्षा? हा वर्ग आहे का तुझं भजनी मंडळ?"

मी म्हणालो, "एकट्याला भजनही येतं. गट केला तो बोलण्यासाठी."

"तू सांगतोस बोलायला?" ते म्हणाले. "पोरांना एकत्र बसवतोस आणि स्वतः डबा खिडकीकडे तोंड करून खातोस! शेवंतीवहिनी गेल्या तेव्हा दारावरून परत पाठवलंस मला. आठवतंय?"

गुणांबाबत माझे मत आजही तेच आहे. बाकीचे ते बोलले ते खरे होते. तुळशीदासांनी तो विषय सोडला आणि आमच्या दोन टेबलांमध्ये एक लोखंडी कपाट आणून ठेवले. कपाट कॉलेजचे असल्याने मला ते कोणाला देता येत नाही. परंतु ते भिंतीला लावावे, अशी विनंती येथे नोंदवतो. आज तीन वर्षे आमचे बोलणे नाही. कपाटापलीकडून त्यांचा खोकला ऐकू येतो. तो वाढला आहे.

वकिलांकडून समजले की इच्छापत्रात ज्याला काही ठेवले त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर त्याचे देणे रद्द होते. माझी आकडेमोडीची सरकपट्टी, स्लाइड रूल, मी तुळशीदासांसाठी बाजूला काढली होती. ती मी गेल्यावर त्यांच्या हाती पडली असती. साक्षीदाराला मात्र मी जिवंत असताना माझ्या घरी यावे लागते आणि माझ्यासमोर बसून सही करावी लागते. विचार करून मी स्लाइड रूल नंदाच्या मुलाला दिली आणि उत्तराबरोबर निरोप पाठवला, की साक्षीला या, तुमच्या नावे काही ठेवलेले नाही.

उत्तरा परत येऊन म्हणाली, "सर, ते म्हणाले, 'काहीच नाही? एक खडूसुद्धा नाही?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं. मग म्हणाले, 'बघतो.'"

रविवारी चारची वेळ दिली आहे. ते आले नाहीत तर दुसऱ्या साक्षीदाराची जागा शेजारच्या कोणाकडूनही भरून घ्यावी. कायद्याला तेवढे पुरते.

कलम ७. माझे दिवसकार्य सगुणा सांगेल तसे करावे. परीक्षा चालू असतील तर विद्यार्थ्यांना बोलावू नये. खांद्याला चौघे मिळतील.

कलम ८. (रविवारी, सहीपूर्वी जोडलेले.) तुळशीदास साडेपाचला आले. दारातच म्हणाले, "कुठे बसू?" मी म्हणालो, कुठेही. ते माझ्या समोरच्या बाजूला बसले. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, असे सोसायटीचे चिटणीस भिकाजी लाड यांनी सांगूनही त्यांनी पहिल्यापासून वाचला. कलम सहापाशी थांबले. "खोकला वाढला नाहीये, यार. तू ऐकत बसावंस म्हणून खोकतो." भिकाजी हसले. मला हसता आले नाही. मग त्यांनी पहिला कागद पुन्हा वर घेतला. "सोमवारी किती वाजता जायचंय?"

मी म्हणालो, सातला.

"घाटकोपरहून मी सहाला निघतो. तयार राहा." आणि म्हणाले, "गुणांचं मात्र तुझं चुकलंच."

ते मला मान्य नाही.

या इच्छापत्रावर मी मुलुंड येथे, माझ्या राहत्या घरी, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

दिनांक ६ नोव्हेंबर १९७७

(सही) हरेश्वर धोंडू तेंडोलकर

साक्षीदार:
१. (सही) भिकाजी लाड, मुलुंड पूर्व
२. (सही) तुळशीदास वेसावकर, घाटकोपर

दुरुस्ती: कलम ६ मधील "आज तीन वर्षे आमचे बोलणे नाही" हे वाक्य सही करण्यापूर्वी खोडले आहे. खोडल्या जागी आम्हा तिघांची आद्याक्षरे आहेत.