सचिवांच्या घरची गाडी

अहो,

आईंना घेऊन मी टॅक्सीनं तुमच्या ताईंकडे जातेय. आज आईंची डोळ्याच्या ऑपरेशनआधीची तपासणी हुकली. गाडी फाटकापर्यंत गेली आणि बॅटरी संपून तिथेच बसली. मी आणि वॉचमननं ढकलत परत आणली.

वॉचमन म्हणाला, "वहिनी, पंपाच्या खोलीत सॉकेट आहे. लावा ना वायर, कोण बघतंय?" मी त्याला भिंतीवरची नोटीस दाखवली. 'विजेचा भार तपासल्याशिवाय सामाईक सॉकेटवर कोणीही गाडी चार्ज करू नये. हुकुमावरून, सचिव.' सचिव तुम्ही. इमारतीत विजेवरची गाडी एकच, तीही आपली. स्वतःच्याच घराला बंदी घालायला नोटीस लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. बरं, भार तपासायला माणूस बोलवा म्हटलं, तर सभेला कोरम भरत नाही म्हणे.

तपासणी आता उद्या आहे आणि ऑपरेशन गुरुवारी. ताईंच्या इमारतीत चार्जर आहे, त्यांची गाडी चालते. जेवण झाकून ठेवलंय. मायक्रोवेव्हवर अजून बंदी नाही, गरम करून घ्या.

रविवारच्या सभेला आम्ही दोघी येतोय. फ्लॅटवर आमचीही नावं आहेत. कोरमची चिंता करू नका, मी मजल्यामजल्यावर सांगून आलेय. आयत्या वेळच्या विषयांत एक ठराव येईल: सचिव बदलणे. सूचक मी, अनुमोदक तुमच्या आई. डोळ्यावर पट्टी असली तरी हात वर करता येतो, असं त्या म्हणाल्या.