उजव्या कडेचं माणूस

सोमवार

नोकरी लागली! फोटोच्या दुकानात. नव्या मोबाइलचे फोटो मोबाइलवर झकास दिसतात, पण बाहेर कुठे उघडतच नाहीत. मी त्यांचे जेपीजी करून द्यायचे आणि मूळ फोटो मोबाइलमधून पुसून टाकायचे. मालकांचा नियमच आहे. जागा मोकळी करून दिली की गिऱ्हाईक खूश.

सासरच्या फोटोंत मी कायम कडेला, कापायला सोपी. घटस्फोटानंतर त्यांनी तेवढंही केलं. काल नव्या घरात आम्ही तिघींनी पहिला फोटो काढला. लेकीचा हट्ट, आज आई मध्ये. डावीकडे माझी आई, उजवीकडे लेक, पडलेला दात दाखवत. फार बरं वाटलं.

बुधवार

एक बाई तणतणत आल्या. वाढदिवसाच्या फोटोतून त्यांची नणंद गायब. खरंच, उजव्या टोकाला नुसती भिंत. मूळ फोटो मीच पुसला होता. एवढा आरडाओरडा झाला, पण मालक जागचे हलले नाहीत.

गुरुवार

त्याच बाई पुन्हा, हसतमुख. मी नणंदेबद्दल माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, मला नणंदच नाही. मनात आलं, नशीब काढलं बाईनं. मग आठवलं, काल याच तर नणंदेसाठी भांडत होत्या.

शनिवार

आणखी दोघांची तीच तक्रार. दरवेळी उजव्या कडेचं माणूस. मालकांना विचारलं. चहा फुंकत म्हणाले, मूळ फोटो पुसला की माणूसही जातं. घरचे एका झोपेत विसरतात, लक्षात राहतं ते परक्यांच्या. मग बोंब मारणार कोण?

सोमवारी राजीनामा देते.

सोमवार

दिला. माझा मोबाइल दुकानातल्या कॉम्प्युटरला चार्जिंगला लावलेला — तसाच विसरून लेकीला शाळेतून आणायला गेले. परतले तर मालक म्हणाले, लेकीच्या शाळेला घरचा फोटो हवा म्हणाली होतीस ना, जाता जाता तुझंही काम करून दिलं.

मध्ये मी. डावीकडे आई. उजवीकडे पडदा.

वाटोळं होवो मेल्याचं! लेक शेजारीच होती, माझं बोट धरून. पण पकड जाणवेना —

संध्याकाळ

झोपायचं नाही. झोपले की विसरेन. ती कुशीत आहे — वजनच नाही — पुढचा दात नाही — दुधावरची साय काढून दे म्हणते — मला मध्ये तिनंच उभं —

मंगळवार

डोळा लागला होता.

ओट्याशी उभी आहे. हातात छोटा डबा, भरलेला. आई विचारतेय, हा गं कोणाचा? मी म्हटलं, अगं, आपल्या —