बारीक मासळीच्या वड्यांची वाटणी

मी, सरलाबाई हिलाल वाडिले, वय सहासष्ट वर्षे, धंदा घरी मासळीचे वडे तळून विकणे, राहणार पांडेसरा, सुरत, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे दुखतात, साखर थोडी जास्त निघते. डोके ठीक आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "बेन, गुजरातीत करा, सोपे पडेल." मी म्हटले, ज्याला अडेल त्याने भाषांतर करून घ्यावे. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले श्रीरंग गुरुजी मी सांगते तसे लिहीत आहेत. गुरुजी माझी वाक्ये नीटनेटकी करतात, त्याला माझी हरकत नाही. अर्थ बदलला तर आहे.

१. माझे वारस दोन. मुलगा योगराज, पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात मॅनेजर, तिकडेच स्वतःच्या फ्लॅटमध्ये बायको पूजासह राहतो. मुलगी नूतन, माझ्याजवळ राहते. नूतनची मुलगी गायत्री यंदा बारावीला आहे. माझे पती हिलाल आठ वर्षांपूर्वी वारले. घर त्यांनी घेतलेले असून त्यांच्यामागे दोन्ही मुलांच्या संमतीने माझ्या नावावर झाले आहे. म्हणून त्याचे काय करायचे ते मीच सांगणार.

२. घर. खालच्या दोन खोल्या योगराजला. वरची खोली आणि पत्र्याची शेड असलेली गच्ची नूतनला. जिना दोघांचा. जिन्यावरून भांडण काढणाऱ्याने आधी तो झाडून घ्यावा.

ही वाटणी योगराजला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून कारण लिहून ठेवते. चौदा वर्षांपूर्वी नूतन तीन वर्षांच्या गायत्रीला कडेवर घेऊन सासर सोडून आली. तिच्या पाठीवर काय होते ते मी आई म्हणून पाहिले आहे. कागदावर लिहिणार नाही. योगराज तेव्हा म्हणाला, "माय, दोन दिवस ठेव आन समजावून परत पाठव. चार लोकांत मी काय तोंड दाखवू?" हिलाल उठले, तिची बॅग उचलली आणि स्वतः जिना चढून वरच्या खोलीत ठेवून आले. खाली आल्यावर म्हणाले, "पोर आठेच ऱ्हाई." इथेच राहील. म्हणजे खोली त्यांनीच त्या दिवशी दिलेली आहे. मी फक्त सही करते आहे.

३. वड्यांच्या पद्धती. वकीलसाहेबांच्या मते ही मिळकत होत नाही. घर पतीचे, दागिने माहेरचे. माझ्या स्वकष्टाचे म्हणावे असे मजजवळ एवढेच आहे, तेव्हा ते कागदात येईल.

(अ) माहेरची पद्धत. माझे माहेर शहादा तालुक्यात तापीकाठी. वडील जाळे टाकीत. मोठा मासा बाजारात जाई, आणि जाळ्याच्या तळाशी उरलेली काचेसारखी बारीक मासळी, अर्ध्या करंगळीएवढी, घरी येई. ती चिरायची नसते, डोक्याशेपटासकट खायची. मिठाच्या पाण्यात तीनदा धुवून फडक्यावर निथळू द्यावी. लसूण, हिरवी मिरची, मीठ जाडसर वाटावे, कोथिंबीर घालावी आणि धरून ठेवेल एवढेच ज्वारीचे पीठ. पाणी अजिबात नको. मासळीचा ओलावा पुरतो. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस भाजावे. ही पद्धत आईची आहे आणि ती कोणा एकाची होऊ शकत नाही. विचारील त्याला सांगावी.

(आ) वाजणारी पद्धत. ही माझी, आणि हिच्यासाठीच खरे तर हे कलम आहे.

हिलाल एका मिलमध्ये रंगखात्यात होते. मिलचे नाव मी लिहीत नाही. माझ्या कागदात तिला जागा नाही. सोळा वर्षे वाफ आणि रसायन नाकात गेल्यावर त्यांना वास येणे बंद झाले. आधी आम्हाला कळलेच नाही. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि हे शेजारी बसून पेपर वाचत राहिले, तेव्हा कळले. डॉक्टर म्हणाले, आता परत येणे कठीण. वासाबरोबर चवही गेली. जेवायला बसत, दोन घास घेत, ताट सरकवीत. मी विचारले तर म्हणाले, "मी काय खाई ऱ्हायनू ते मालेच समजत नही." काय खातोय तेच कळत नव्हते. सहा महिन्यांत शर्ट खांद्यावरून उतरायला लागला.

मी मसाला वाढवला, उपयोग नाही. मिरची वाढवली तर डोळ्यांतून पाणी आले, पण समाधान नाही. त्या दिवसांत मगनभाई डुमसकडून सायकलवर मासळी आणायचा. त्याच्याकडे खाडीची बारीक मासळी मिळाली. ज्वारीचे पीठ संपलेले होते म्हणून मी तांदळाचे पीठ आणि मूठभर जाड रवा लावून ती भरपूर तेलात सोडली, काढली, आणि पाहुण्यांच्या गडबडीत गार झाली म्हणून पुन्हा एकदा कडक तेलात तळली. हिलालने एक तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. म्हणाले, "आज वाजी ऱ्हायनं." वाजतंय. त्यांनी त्या दिवशी नऊ वडे खाल्ले. मी मोरीत तोंड धुवायला गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

चव गेली तरी दात होते, कान होते, जिभेला आंबट-खारट अजून कळत होते. म्हणून: दोनदा तळणे, मध्ये पूर्ण गार होऊ देणे, वरून लिंबू, आणि मीठ शेवटी. एवढे चार मुद्दे. पुढे ते खाटेवर पडून कढईचा आवाज ऐकत आणि "आते काढ" म्हणत. मी घड्याळ कधी पाहिले नाही. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. ही पद्धत त्यांनी नूतनला जवळ बसवून, डोळे मिटायला लावून शिकवली. म्हणून ही, आणि हिच्यावर चालणारा धंदा, नूतनला.

(इ) पावातली पद्धत. बेसन, ओवा, हळद, भरपूर उभा कांदा. भज्यासारखे तेलात सोडावे. पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या पोटाला आधार होतो. यात मासळी कमी आणि कांदा जास्त असतो, हे मी कबूल करते.

(ई) अंड्याची पद्धत. वाटीभर मासळीला एक अंडे, चमचाभर तांदळाचे पीठ, मिरे. तव्यावर धिरड्यासारखे ओतावे, झाकू नये. मासळीची चव सगळ्यांत जास्त यातच राहते. ही गायत्रीला, कारण तिला अभ्यासातून उठून दहा मिनिटांत करता येते.

(उ) वाफेची पद्धत. हिलालला तेल बंद झाले तेव्हा मगनभाईच्या घरून मुठियाची युक्ती शिकले. मेथी, बेसन आणि मासळी मळून वळकट्या करून वाफवाव्या, कापाव्या, तिळावर परताव्या. वाजत नाहीत. त्यांनी तरीही तक्रार न करता खाल्ल्या, यावरून माणूस कसा होता ते समजावे.

४. शोभाबाई. आमच्या समोरच्या. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी सोसायटीत अर्ज दिला की माझ्या तळणाच्या वासाने गल्लीत राहणे अशक्य झाले आहे. मीटिंगमध्ये ठरले की मी खाली तळू नये. ठीक आहे, मी शेगडी गच्चीवर नेली. गच्चीवरून वास तीन गल्ल्यांत गेला आणि महिन्याभरात गिऱ्हाईक दुप्पट झाले. शोभाबाईंना मी माफ केलेले नाही. परंतु माझा दगडी खलबत्ता त्यांना द्यावा; त्यांचा फुटला आहे आणि त्या मिक्सरमधली चटणी खात नाहीत.

५. माझी बँकेतली ठेव गायत्रीच्या शिक्षणाला. दागिने म्हणजे एक पोत आणि पाटल्या. पोत सून पूजाला, पाटल्या नूतनला. पूजाने मला कधी उलट उत्तर दिले नाही आणि वडे चोरून घरी नेले, दोन्ही माझ्या लक्षात आहे.

६. वरील कलमे मी गेल्या रविवारी दोन्ही मुलांना समोर बसवून गुरुजींकडून वाचून घेतली. मेल्यावर तोंडे वाकडी होण्यापेक्षा माझ्यासमोर झालेली बरी. नूतन खाली बघत होती. योगराजने सगळे ऐकले, "बरं" म्हणाला, चहा न घेता गेला. चार दिवस फोन नाही. मी नूतनला म्हटले, घरावरून रुसला. ती म्हणाली, "माय, मला खोली नको, दादाला नाराज करू नको." मी तिला गप्प केले.

गुरुवारी दुपारी तो एकटा आला. पुढचे मी या कागदात मुद्दाम लिहवून घेत आहे, कारण त्यामुळे कागद बदलला.

तो म्हणाला, "माय, घर सगळं नूतनला दे. मला त्याचं काही नाही."

"मग रुसला कशावर?"

तो म्हणाला, "आबांनी तिला ऐकायला शिकवलं. मला एकदाही बोलावलं नाही."

मला राग आला. मी म्हटले, "तू येत कुठे होतास? शाळेत पोरं मासळीवाला म्हणतात म्हणून तू गच्चीवर पाय ठेवत नव्हतास. कपड्यांना वास लागतो म्हणून मावशीकडे झोपायला जायचास."

"मी लहान होतो, माय."

"आणि नूतन आली तेव्हा?"

"तेव्हा लहान नव्हतो," तो म्हणाला. "तेव्हा चुकलो. चौदा वर्षं जिन्यापर्यंत येतो आणि परत जातो."

हिलालने त्याला बोलावले नाही, हे खरे आहे. मुलाला आपली लाज वाटते हे त्यांना माहीत होते, आणि लाज वाटणाऱ्याला हाक मारायची नाही असा त्यांचा स्वभाव. मीही मध्ये पडले नाही. या गोष्टीत माझा दोष आहे, तो मी इथे मान्य करते.

नूतन जिन्यात उभी राहून ऐकत होती, ते आम्हाला माहीत नव्हते. ती वरूनच म्हणाली, "दादा, तेल तापलंय. येतोस का?"

तो बूट काढून वर गेला. मी गुडघ्यांमुळे वरच्या पाच पायऱ्या राखून थांबले; तिथून शेगडी दिसते. नूतनने त्याला पाटावर बसवले. "डोळे मीट. आधी पाऊस पडल्यासारखा आवाज येईल. तो बारीक झाला की काढायचं." पहिला घाणा त्याने करपवला. दुसरा कच्चा काढला. तिसऱ्याला तो स्वतःहून म्हणाला, "आता?" नूतन म्हणाली, "मला नको विचारू." त्याने झारा घातला. वडे बरोबर निघाले होते. बहीणभाऊ एका ताटलीत खात होते आणि कोणीच कोणाची माफी मागितली नाही. मला वाटते मागून झाली होती.

७. त्यामुळे कलम ३ (आ) मध्ये बदल करते. वाजणारी पद्धत व धंदा नूतन आणि योगराज दोघांना समान. पलसाणा रस्त्यावर एक छोटा गाळा बघून ठेवला आहे, असे योगराज म्हणतो. तिथे बाहेरगावच्या कामगारांची गर्दी असते. दुकान कसे चालवायचे ते त्याला कळते, कढई नूतनला कळते. पाटीवर काय लिहायचे यावर दोघे आत्तापासूनच वाद घालत आहेत. त्यात मला पडायचे नाही. हिलालचे नाव लिहावे, एवढेच.

कलम २ मात्र तसेच राहील. योगराजने वाटा सोडतो म्हटले तरी मी सोडू देत नाही. खालच्या खोल्या त्याच्याच. मुलाला आईच्या घराची किल्ली असावी, तो राहो न राहो.

८. माझ्यामागे तेराव्याला गोडाचा घाट घालू नये. मला गोड कधी आवडले नाही. पहिल्या पाळीच्या कामगारांना एक दिवस पावातले वडे द्यावेत, आणि त्या दिवशी कांदा कमी, मासळी जास्त घालावी.

९. हे सर्व माझ्या मृत्यूनंतर अंमलात यावे, आणि मला त्याची घाई नाही. गाळ्याची पूजा डिसेंबरात आहे, गायत्रीची परीक्षा मार्चात आहे. दोन्ही पाहायच्या आहेत.

हा मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला आणि तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. योगराजला साक्षीदार म्हणून सही करायची होती; वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळणार आहे त्याने साक्ष करू नये. तो थोडा हिरमुसला आणि वरून वड्यांची ताटली घेऊन आला, मग त्याच हाताने या कागदाची पाने मोजून गुरुजींकडे दिली. तरी नोंद करते की पान तीनवर खाली उजव्या कोपऱ्यात जो डाग आहे तो खाडाखोड नसून तेलाचा आहे. तो माझ्या मुलाच्या अंगठ्याचा आहे, आणि तो पुसू नये.

ठिकाण: पांडेसरा, सुरत
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

लिहून देणार: सरलाबाई हिलाल वाडिले (सही)

आमच्यासमोर सरलाबाईंनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. श्रीरंग देवराव कांबळे, निवृत्त शिक्षक (सही)
२. मगनभाई टंडेल, मासळी विक्रेता (सही गुजरातीत)