ओट्याकडचं चाक

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
बुधवार

तीर्थस्वरूप शोभाताईंना नंदकुमारचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना ब्रेक ऑइलचा वास आहे, तेवढा माफ असावा.) भुसावळला उन्हाने काहिली होत असेल. इथेही तेच, फक्त संध्याकाळी तापीकडून वारं येतं अशी आमची समजूत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दुखतो तो डावा की उजवा, हे मात्र नक्की कळवा. उगाच विचारत नाही. फोन करूनही विचारता आलं असतं, पण तुम्हाला फोन का करत नाही ते पुढे धीर झाला तर सांगेन.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात केळीचा फेरा टाकून आलो आणि पिकअपच्या मागच्या चाकातून जळका वास यायला लागला. ब्रेक सोडला तरी चाक सुटेना. कॅलिपर जाम. (कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला चिमट्यात धरणारा लोखंडी पंजा. इतरांच्या पिकअपला मागे ड्रम असतो. पण असीरगढच्या घाटात एकदा गाडी घसरली तेव्हा तुमच्या बहिणीने ‘मांगंबी डिस्कच लावा, नाईतर मी बसनार नाई’ म्हणून जाहीर केलं, आणि तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय?) शेजारच्या गोटूने (वय बावन्न, नाव अजून गोटूच) ही बातमी माझ्याआधी भूमिकाला इंदूरला पोचवली. लेकीचा लगेच फोन: ‘पप्पा, अब बस! तुम्ही तिथे एकटे, गाडीला ब्रेक नाही. मला रात्री झोप नाही लागत. बेचून टाका आणि इकडे या.’ जावयाने इच्छापूरचं गिऱ्हाईकसुद्धा शोधलं, रविवारी येणार आहे. मी ताठ्यात म्हणालो, रविवारपर्यंत माझ्या हाताने ब्रेक लागला तर गाडी राहील आणि मीही इथेच राहीन. नाही लागला तर दोघंही घराबाहेर. बोललो खरा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. डावं-उजवं यात मी लहानपणापासून कच्चा, हे तुम्ही लग्नातच पाहिलंत. म्हणून कुसुमने चाकांना नावं दिली होती. गाडी अंगणात नेहमी सरळ आत यायची, तोंड न्हाणीकडे. मग डावीकडची चाकं ओट्याकडची आणि उजवीकडची निंबाकडची. छत्तीस वर्षांत दोन गाड्या झाल्या, कधी चूक झाली नाही. दुकानदाराने ‘लेफ्ट की राइट?’ विचारलं. बिघडलेलं चाक ओट्याकडचं, म्हणून मी छाती काढून लेफ्ट सांगितलं. नवा कॅलिपर आणला, बसवला, बसलाही. फक्त नळीतली हवा काढायची राहिली.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली पडून कॅलिपरचा निपल (हवा सोडायची चिमुकली तोटी) खोलायचा. गोटू बसला, फोन कानाला लावूनच. तो कुणाला तरी ‘हां, हां’ म्हणाला, मी खोललं, मग त्याला आठवण झाली आणि त्याने दाबलं. माझ्या मिशा ब्रेक ऑइलने धुऊन निघाल्या. पण त्या बिचाऱ्याला दोष कशाला देऊ? तो नीट दाबायला लागला तरी तीन तासांनंतर पेडल कणकेत पाय द्यावा तसं मऊच. शेवटी मी नुसताच पडून वर बघत राहिलो, तेव्हा दिसलं की निपल खालच्या अंगाला आहे. हवा वर जाते ताई, ती खालून निघेल कशी? कॅलिपर दुसऱ्या बाजूचा होता.

मग कळलं. ओट्याकडचं चाक आता डावं राहिलेलंच नाही. त्या दिवशी दवाखान्यातून कुसुमला शेवटचं घरी आणलं तेव्हा तिला मागच्या हौद्यातून ओट्यावर उतरवणं सोपं जावं म्हणून गाडी उलटी आत घेतली होती. त्यानंतर सात महिने मी ती उलटीच लावतोय, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. मी गाडीखाली रडलो, ताई. लहान पोरासारखा रडलो. ऑइल डोळ्यात गेलं समजून गोटूने लोटाभर पाणी मारलं.

दुकानदाराने कुरकुर करत कॅलिपर बदलून दिला. तो बसवलाय, निपल वर आहे. हवा तेवढी काढायची आहे.

घरी सगळ्यांना यथायोग्य सांगावं. लोणच्याची बरणी रिकामी झाली आहे, हे सहज कळवतो.

आपला,
नंदकुमार

ता. क. : गोटू रोज विचारतो, येऊ का म्हणून. चौकातला मिस्त्रीही अर्ध्या तासात हवा काढून देतो म्हणाला. दोघांनाही मी नको म्हटलं. भूमिकाला यातलं काही कळवू नये.

आणखी एक : कुसुम वर बसायची ती मांडीवर परात घेऊन, मेथी निवडत. मेथी संपली की हवा निघाली समजायचं. आमची भांडणंही तिथेच मिटायची. ती वर, मी खाली, तोंड कुणाचंच दिसायचं नाही, मग बोलणं सोपं जायचं. पाय रोवून ती वरून ओरडायची, ‘दाबेल हाये, खोला!’

शेवटचं : ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो, म्हणून गुडघा विचारला. शनिवारच्या गाडीने याल का? तुमचा आवाज थेट तिच्यासारखा आहे. फोनवर तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि मला पुढे बोलता येत नाही. तुम्ही फक्त वर बसून तेवढे शब्द म्हणा. गाडीखालून माणूस दिसत नाही, आवाज तेवढा येतो.