सातवा बाजारात गेलाय

भवानीपूर, कोलकाता
३ जून

ती. पिशेमोशाय यांस,
पुंटीचा पायांना हात लावून नमस्कार, वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. मी बरा आहे, मांजर बरं आहे, आंबे संपले. बस्स, एवढंच! पिशी असती तर म्हणाली असती की हा माणूस पत्रसुद्धा तारेसारखं शब्द मोजून लिहितो. ती गेल्यापासून शेजारच्या बौदी भाजी पाठवतात, की तुम्ही दोन्ही वेळा बटाटा-भातच उकडून खाता, ते तुम्ही लिहीत नाही. म्हणून मीच विचारते. मांजर कुणाच्या खुर्चीत झोपतं तेही कळवा.

आता खरी बातमी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिशी मला ज्या जादूच्या गोष्टी सांगायची, त्या सगळ्या गुंफून मी एक कादंबरी लिहिली. कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. त्यांच्या मते त्यांच्या बहिणीने मला आधीच पुरेसं बिघडवून ठेवलंय. किशोरांच्या एका मासिकाकडे दुर्गापूजेच्या विशेष अंकासाठी ती पाठवली, आणि संपादक गौरांगबाबूंनी मला भेटायला बोलावलं! मी नवी साडी नेसून गेले. त्यांनी चहा दिला, वर एक समोसा दिला, आणि मग म्हणाले, की बाई गं, अनाथ मुलगी, जादूची शाळा, अंगठी, काळा राजा, आग ओकणारा ड्रॅगन, हे सगळं विलायती पुस्तकांतून उतरून दर आठवड्याला या टेबलावर येतं. यात तुझं काय आहे ते महिनाअखेरपर्यंत दाखव. दाखवलंस तर छापतो, नाहीतर राम राम.

मी म्हटलं की माझं नाही, माझ्या पिशीचं आहे. ते हसून म्हणाले, की मग पिशीलाच घेऊन ये. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मी अर्धा समोसा तसाच ठेवून उठले.

म्हणून विनंती अशी, की या गोष्टी पिशीने स्वतः रचल्या होत्या एवढं तुम्ही लिहून द्या. तुम्ही तिचे यजमान, त्यातून जन्मभर जिल्हा शाळेत गणित शिकवलेले; तुमच्या सहीवर कोण शंका घेईल? पुस्तक मी तिला अर्पण केलंय, पिशेमोशाय. छापलं नाही तर रडून घेईन. पण ती उचलेगिरी करणारी ठरली, तर ते मला सहन होणार नाही.

तुमचा लोभ मी गृहीतच धरते. दोनाऐवजी चार ओळी लिहिल्यात तर तो सिद्धही होईल.

तुमची
पुंटी


कृष्णनगर
९ जून

चि. पुंटीस अ. आ.

पत्र पोचलं. बौदी भाजी पाठवतात. मांजर तुझ्या पिशीच्या खुर्चीत झोपतं. मी उठवत नाही.

तू म्हणतेस तसं मला लिहून देता येणार नाही, कारण ते खरं नाही. तिने एकही गोष्ट स्वतः रचलेली नव्हती. अंगठी तिने तंबूतल्या जात्रेच्या नाटकातून घेतली. जादूची शाळा जिल्हा ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकातली. त्याची मागची पानं वाळवीने खाल्ली होती, म्हणून पुढचं तिने ठोकून दिलं. बोलणारा घोडा औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर होता. काळा राजा म्हणजे आमचे हेडमास्तर. ते धोतराचा सोगा कसा सावरत तेसुद्धा तिने उचललं होतं, आणि ते एकदा आपल्याकडे जेवायला आले तेव्हा तू त्यांना पाहून पलंगाखाली लपलीस. ड्रॅगन बहुधा फटाक्यांच्या खोक्यावरचा असावा.

हे सगळं दुसऱ्यांचं आहे, असं मी तिला एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, की मासा नदीचा, मोहरी वाण्याची, हळद बाजारातली, म्हणून काय रस्सा त्यांनी केला? मी आणखी रस्सा वाढून घेतला. पण तुझ्या संपादकांना हा हिशेब चालेल असं वाटत नाही.

मला साहित्यातलं कळत नाही. खोट्यावर सही मात्र करता येत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्रातले तीन अशुद्ध शब्द खाली शुद्ध करून दिले आहेत.

आशीर्वाद न मागताही असतात, हे लक्षात ठेव.

पिशेमोशाय


भवानीपूर
१३ जून

ती. पिशेमोशाय यांस,
नमस्कार आहे, पण रागातला आहे. वि. वि.

माणूस रडत असताना त्याचे अशुद्ध शब्द काढणारे जगात तुम्ही एकटेच. आधी तुमच्यावर चिडले, मग पिशीवर, मग हेडमास्तरांवर. पलंगाखालचं मला आठवतंय.

रस्सा मी गौरांगबाबूंकडे नेला नाही, स्वतःचं डोकं चालवलं. त्यांना म्हटलं, की विसर्जनानंतर मूर्तीचा बांबूचा सांगाडा आपण नदीतून परत काढतो, पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवी माती चढवतो. सांगाडा जुना असला तरी देवी नवीच ना? मला वाटलं, काय बोलले मी! त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, की हा सांगाडा गेल्या वर्षीही तिघांनी आणला होता. उसनवारीची सबब तरी स्वतःची आणत जा. त्यांचा मदतनीस इतका हसला की चहा कागदांवर सांडला.

तेव्हा ठरलं. मी कादंबरी मागे घेतली आहे. बाड वेगळ्या टपालाने तुमच्याकडे पाठवतेय. ते पिशीचं नाही, माझं नाही, निदान तुमच्या घरच्या वाळवीचं तरी होऊ दे.

लोभ राहू द्यावा. तो तरी कुणाचा उसना नाही.

तुमची
पुंटी


कृष्णनगर
२१ जून

चि. पुंटीस अ. आ.

बाड मिळालं. वाळवीला दिलं नाही, मी वाचलं. गोष्टी वाचायची मला सवय नाही, म्हणून पेपर तपासतात तसं लाल पेन्सिल घेऊन बसलो.

आम्ही नक्कल कशी पकडतो ते तुला सांगतो. दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर त्यावरून काहीच ठरत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं. दोघांची चूक एकसारखी निघाली की मग त्यांना उभं करायचं. बरोबर उत्तरावर कुणाचं नाव नसतं. चुकीवर असतं.

तर अनाथ मुलगी, शाळा, अंगठी ही बरोबर उत्तरं समज. ती कुणाच्याही वहीत सापडतील. त्यांवर मी खूण केली नाही. पण इतर ठिकाणी पेन्सिल थांबली.

तुझी नायिका डोंगरावरच्या किल्ल्यात होडीने जाते. वल्ही मारत चढ चढते. ही चूक तुझ्या पिशीची. नदिया जिल्ह्यातली मुलगी, लग्नापर्यंत तिने डोंगर पाहिला नव्हता, आणि लांब जायचं म्हणजे होडीने, एवढंच तिला ठाऊक. मी तिला दार्जिलिंगला नेलं तेव्हा पायथ्याच्या स्टेशनावर उतरून तिने हमालाला विचारलं, की वर जाणारी नाव कुठून सुटते. हमाल पुष्कळ हसला. तिने डोंगर पाहून घेतला, पण गोष्ट बदलली नाही.

राजवाड्यावर सात भाऊ पहारा देतात. नावं सहाच आहेत, मी दोनदा मोजली. सातवा कुठे म्हणून विचारलं की बाजारात गेलाय. हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो. गणिताचा माणूस म्हणून मला त्याचा त्रास व्हायचा. सातवं नाव मी सुचवूनही पाहिलं. तर म्हणाली, की घरात सात पुरुष आहेत आणि एकही बाजारात गेलेला नाही असं एक घर बंगालमध्ये दाखवा, मग ठेवते नाव.

ड्रॅगन पित्तामुळे आग ओकतो आणि ओव्याचं पाणी प्यायला की निवतो. हेही तिचंच. तुझे आजोबा जेवणानंतर कसे बसत ते आठवून बघ.

असं बरंच आहे. समासात खुणा केल्या आहेत. कुठल्याही विलायती पुस्तकात या चुका सापडल्या तर मी माझी पेन्शन सरकारला परत करीन. बाड परत पाठवतो आहे. महिना संपायच्या आत संपादकांना दाखव.

एक सांगायला हवं. शेवटच्या प्रकरणात मेलेली राणी अमृताच्या थेंबाने उठते आणि घरी परत येते. तिथे मला एकही चूक सापडली नाही. सगळं बरोबर आहे. म्हणूनच ते कुणाचं आहे हे मला ओळखता आलं नाही.

या वेळी अशुद्ध शब्द एकच होता. तो सोडून दिला, यावरून लोभ ओळख.

पिशेमोशाय


भवानीपूर
३ जुलै

ती. पिशेमोशाय यांस,
साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला खरोखरच जमिनीवर पडून. वि. वि.

गौरांगबाबूंनी तुमच्या लाल खुणा आणि सोबतचं पत्रही वाचलं. आधी गालात हसले, मग मोठ्याने, मग मदतनिसाला बोलावून दार्जिलिंगचा हमाल त्याला वाचून दाखवला. म्हणाले, की हा गृहस्थ कोण, याला पूजा होईपर्यंत माझ्या टेबलावर आणून बसव. कादंबरी घेतली, पिशेमोशाय! पिशीचं नावही अर्पणपत्रिकेत राहणार.

पण दोन संकटं आहेत. पहिलं संकट निवारणबाबू. हे मुद्रितं तपासतात, आणि इतके मन लावून तपासतात, की त्यांनी माझी होडी डोंगराच्या पायथ्याशी बांधून ठेवली आणि नायिकेला पायी वर पाठवलं. सातव्या भावाचं नाव ठेवलं विक्रमजित. ड्रॅगनचं पित्त काढून त्याला ऋषीचा शाप दिला. म्हणजे आता कादंबरी खरोखरच सगळ्यांसारखी झाली. मी भांडले. ते म्हणाले, की बाळ, चूक छापली तर लोक तुला नाही हसणार, निवारण म्हातारा झाला म्हणणार.

दुसरं संकट शेवटाचं. गौरांगबाबू म्हणतात, तुझ्या मास्तरांचं बरोबर आहे, मेलेली राणी माझ्याकडे दर आठवड्याला परत येते. दुसरा शेवट दहा दिवसांत आण, तो आला नाही तर छापणार नाही. आता मी काय करू? पिशीच्या गोष्टीचा शेवट मला माहीतच नाही. त्याच्या आधीच मी झोपायचे. तुम्हांला तरी माहीत असेल ना? लगेच लिहा.

उत्तराला उशीर केलात तर लोभ कमी झाला असं सगळ्या नातेवाइकांना कळवीन.

तुमची
पुंटी


कृष्णनगर
७ जुलै

चि. पुंटीस अ. आ.

निवारणबाबूंना देण्यासाठी सोबत चिठ्ठी जोडली आहे. तीत एवढंच आहे, की समासात खूण केलेल्या चुका विद्यार्थिनीच्या पिशीच्या असून त्यांचे गुण पूर्वीच दिले गेले आहेत, फेरतपासणी होणार नाही. खाली शाळेचा हुद्दा घातला आहे. प्रामाणिक माणूस दिसतो, हुद्द्याला मानील.

शेवट मलाही माहीत नाही. तू झोपलीस की ती थांबायची. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत ऐकत असे. पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

आता कुणालाच विचारू नकोस. तुझं तू लिही. चुकलं तर चुकलं.

खाणंपिणं सोडून लिहू नकोस. लोभ आहे म्हणून सांगतो.

पिशेमोशाय


भवानीपूर
२५ सप्टेंबर

ती. पिशेमोशाय यांस,
अंकाच्या पहिल्या प्रतीसह पुंटीचा सा. न. वि. वि.

हा घ्या! अजून शाई हाताला लागते. होडी डोंगर चढते आहे, चित्रकाराने तर मागे एक बदकही पोहत चढवलंय. निवारणबाबू माझ्याशी बोलत नाहीत, पण काल जिन्यात भेटले तेव्हा न राहवून म्हणाले, की काय, आला का तुझा सातवा बाजारातून? बाबांनी चार अंक विकत घेतले आणि कपाटात लपवले. आईने मला दाखवले.

शेवट दिलेल्या मुदतीत झाला. गौरांगबाबूंनी तो वाचून थेट छापायला पाठवला. तुम्ही वाचा आणि चुका कळवा. मी पेन्सिलीची वाट बघतेय.

लोभ असाच राहावा, आणि थोडा कार्डावरही उतरावा.

तुमची
पुंटी


कृष्णनगर
२ ऑक्टोबर

चि. पुंटीस अ. आ.

अंक मिळाला. चित्रं चांगली आहेत. बदकाबद्दल माझी तक्रार नाही. बौदींनी अंक वाचायला मागितला आहे, अजून दिला नाही.

नवा शेवट वाचला. राणी परत येत नाही, हे बरोबर केलंस. घाटावर सगळे जमतात, बायका रडतात, पुरोहित घाई करतो, कुणीतरी सारखं छत्री शोधत राहतं. तुझ्या पिशीच्या वेळी नवद्वीपच्या घाटावर झालं तसंच आहे. पाण्याजवळ राणीचा चष्मा हातात धरून एक म्हातारा उभा आहे, तेही बरोबर.

पुढे होडी सुटते तेव्हा तो म्हातारा तिला 'ये' म्हणतो. दारातून निघालेल्या माणसाला आपण म्हणतो तसं.

तिथे चूक आहे. मी काही म्हटलं नव्हतं. तू माझ्या शेजारीच उभी होतीस.

ही चूक तुझ्या पिशीची नाही. कुठल्या पुस्तकातली असेल असंही वाटत नाही. मी पेन्सिल उचलली होती, मग खाली ठेवली. पुढे याचं पुस्तक निघेल तेव्हा निवारणबाबूंना सांग, एवढी जागा तशीच राहू द्या.

पूजेच्या सुट्टीत ये.

पिशेमोशाय